बेवारस गाडीचा डायोरामा: गंजावरचा रंग हवा तसा उडत नाही, तेव्हा नेमकं काय चुकतं

डायोरामा म्हणजे मॉडेलचा छोटा देखावा. त्यातल्या प्लॅस्टिकच्या बेवारस गाडीचा रंग पोपडे निघाल्यासारखा, खालचा गंज दिसेल असा दाखवताना तक्रार साधारण अशी असते. गाडीच्या टपावर आधी गंजाचा रंग दिला, त्यावर हेअरस्प्रे मारला, त्यावर गाडीचा मूळ रंग चढवला. मग पाणी लावून ब्रशने घासायला घेतलं. आता दोनपैकी एक गोष्ट होते. कितीही घासलं तरी रंग जागचा हलत नाही, आणि शेवटी जोर लावला की खालचा गंजही निघून पांढरं प्लॅस्टिक उघडं पडतं. नाहीतर पहिल्याच फटक्यात नखाएवढा पापुद्रा सुटून येतो आणि टपाच्या मधोमध भगदाड दिसायला लागतं. पुढच्या मॉडेलला जास्त काळजी घेतली तरी पुन्हा तेच.

मी १:२४ मापातल्या बेवारस गाड्या करते. पहिल्या तिन्ही गाड्यांच्या वेळी मला याच अडचणीने गाठलं, आणि प्रत्येक वेळी दोष हेअरस्प्रेचा आहे असं समजून मी डबा बदलला. काहीच फरक पडला नाही. चूक थरांच्या हिशेबात होती. कोणता थर कशात विरघळतो आणि त्याच्यावर आपण पुढे काय ओततो, एवढं आधी कागदावर लिहून काढलं असतं तर तिन्ही टपं वाचली असती. काचेवरचं धुकं, गायब होणारी रंगपूड, वितळणारा फोम या डायोरामातल्या इतर नेहमीच्या दुखण्यांचं मूळही बऱ्याचदा इथेच सापडतं. म्हणून सुरुवात हेअरस्प्रेपासून.

हेअरस्प्रे वाळल्यावर मागे राहतो तो रेझिनचा, म्हणजे राळेसारख्या पदार्थाचा, पातळ थर. तो अल्कोहोलमध्ये चटकन विरघळतो, पाण्यात सावकाश. वरचा ॲक्रिलिक रंग ताजा असताना त्याची साय पूर्ण बंद झालेली नसते, त्यातून पाणी झिरपू शकतं. पाणी आत गेलं की मधला थर मऊ होतो, वरच्या रंगाचा आधार जातो आणि ब्रशचा धक्का लागला की तेवढा तुकडा सुटतो. म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी जमून यायला हव्यात. खालच्या गंजाने पाण्याला दाद देता कामा नये, मधला थर शाबूत हवा आणि वरच्या थरातून पाणी आत शिरायला हवं. तुमचा रंग कसा बिघडला ते नीट पाहिलं की यातली कोणती अट मोडली ते कळतं.

रंग अजिबात उडत नसेल तर पहिला संशय थिनरवर, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावणावर घ्या. काही ॲक्रिलिक रंग पाण्यानेही पातळ होतात आणि अल्कोहोल किंवा लॅकर थिनरनेही. एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या साधनातून, थिनर घातलेला रंग जास्त गुळगुळीत बसतो, म्हणून आपण सवयीने तोच वापरतो. पण तो थिनर खालच्या हेअरस्प्रेला विरघळवून वरच्या रंगात मिसळवून टाकतो. मधला थर उरतच नाही, मग उडणार काय? या एका कामासाठी रंग फक्त पाण्याने पातळ करायचा. थोडा खडबडीत बसला तरी बिघडत नाही, उन्हात सडलेल्या गाडीचा रंग आरशासारखा नसतोच.

दुसरा संशय वेळेवर. संध्याकाळी रंग मारला आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी घासू म्हणून ठेवून दिला, तर रात्रीतून ॲक्रिलिक घट्ट होतो आणि पाण्याला वाटच राहत नाही. रंग हाताला कोरडा लागला की वीस मिनिटं ते अर्धा तास, यातच काम सुरू करावं. यावरून निघालेली, मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट अशी: पूर्ण गाडी एकदम रंगवू नका. आज टप, उद्या बॉनेट, परवा एका बाजूचे दरवाजे. खऱ्या गाडीतही हे भाग वेगळे असतात, त्यामुळे रंगाच्या छटेत किंचित फरक पडला तरी तो पत्र्याच्या सांध्यावरच येतो आणि खरा वाटतो.

अडकलेला रंग सोडवायचा असेल तर टिश्यू पेपर कोमट पाण्यात भिजवून त्या जागेवर पाच मिनिटं ठेवा. मग सुईच्या टोकाने दोन-तीन बारीक ओरखडे काढा, म्हणजे साय फाटते आणि पाण्याला दार मिळतं. त्यानंतर आखूड केसांचा ताठ ब्रश. एवढ्यानेही सुटला नाही तर थांबा. इथेच हट्टाने घासून प्लॅस्टिक उघडं पडतं. त्या भागावर स्पंजच्या बारीक तुकड्याने गंजाचे ठिपके वरून द्यायचे. ते तितके खोल दिसत नाहीत, पण टप वाचतं.

आता उलट दुखणं. मोठमोठे पापुद्रे निघतात त्याची कारणं वेगळी. हेअरस्प्रे जवळून, ओलाचिंब मारला की त्याचा जाड थर बसतो आणि पाणी लागताच सगळाच एकदम सुटतो. साधारण २०-२५ सेंटिमीटरवरून दोन हलके हात द्यायचे, दोन्हींच्या मध्ये वाळू द्यायचं आणि दुसऱ्यानंतर पंधरा मिनिटं थांबायचं. दुसरं कारण वरच्या रंगाची जात. काही पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वाळल्यावर रबरासारखी लवचीक साय धरतात. त्यांचे कण सुटत नाहीत, साल निघते. अशा रंगाशी झगडू नये, दुसऱ्या जातीचा घ्यावा. तिसरं, पाणी. ब्रश ओलसर हवा, गाडी भिजलेली नको. एकदा पाणी कडेखालून आत शिरलं की आपण थांबलो तरी ते थांबत नाही. म्हणून हाताशी टिश्यू ठेवा आणि मनासारखा पोपडा दिसला की लगेच टिपून घ्या.

पापुद्रा निघालाच, तर तो कुठे निघाला ते पाहूनच पुढचं ठरवा. टपावर किंवा बॉनेटवर असेल तर बहुतेक वेळा तसाच ठेवता येतो, कारण वर्षानुवर्षं ऊन-पाऊस झेलणाऱ्या आडव्या पत्र्यावर खरोखरच मोठे भाग उघडे पडतात. फक्त कडा फार सरळ असतील तर ओल्या टूथपिकने वेड्यावाकड्या करा. दरवाजासारख्या उभ्या पत्र्याच्या मधोमध तेवढं उघडं पडलं तर ते खोटं दिसतं. तिथे तो भाग धुऊन पुन्हा रंगवा.

आणि खालचा गंजच निघून येत असेल तर तो थर पक्का नव्हता. गंजाचा थर इनॅमल किंवा लॅकर रंगाचा, म्हणजे वाळल्यावर पाण्याने न सुटणाऱ्या रंगाचा असावा. ॲक्रिलिकचा दिला असेल तर त्यावर लॅकर वॉर्निशचा हात देऊन पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. हा एक दिवस मी पूर्वी वाचवत असे, आता नाही.

हे सगळं मॉडेलवर करण्याआधी त्याच रंगांनी, त्याच क्रमाने प्लॅस्टिकच्या चमच्यावर करून पाहा आणि मिनिटं लिहून ठेवा. तुमच्याकडची हवा, तुमचा रंग आणि तुमचा ब्रश यांचा वेळ तुमचा तुम्हालाच मोजावा लागतो.

रंग नीट उडाला, तरी गाडी खोटी का दिसते?

हा प्रश्न मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो, कारण हात बसल्यावरही तो उरतो. पोपडे सुंदर निघालेले असतात, रंगही चांगला असतो, आणि तरी गाडी बेवारस वाटत नाही, रंग उडवलेली वाटते.

आधी माप बघा. १:२४ मध्ये मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटर. म्हणजे आपल्याला नाजूक वाटणारा एक मिलिमीटरचा टवका प्रत्यक्षात जवळजवळ इंचाचा असतो. खड्याने उडालेला रंग काही मिलिमीटरचाच असतो, तो या मापात सुईच्या टोकाएवढा यायला हवा. पूर्ण गाडीभर एकसारखे एक-दोन मिलिमीटरचे टवके पसरले की नजरेला लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी.

मग गंज कुठे बसतो ते बघा. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि मीठ असेल तर वेग वाढतो. म्हणून पाणी जिथे साचतं तिथे गाडी आधी सडते. चाकांवरच्या कमानीच्या आतल्या कडेत चिखल अडकून ओल राहते. दरवाजाच्या तळाशी पाणी बाहेर जायला छिद्रं असतात, ती पानांनी आणि मातीने बुजली की दरवाजा आतून सडत खालून वर येतो. दरवाजाखालची पट्टी, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच, टपाच्या कडेची पन्हळ, डिकीचं तळ, हे सगळे त्याच कुळातले. दरवाजाच्या मधोमध मात्र पाणी थांबत नाही, तिथे रंग फिकटतो पण पत्रा बराच काळ टिकतो. ब्रश हातात घेण्याआधी त्या गाडीवर मनातल्या मनात एक बादली पाणी ओता आणि ते कुठे वाहतं, कुठे थांबतं ते पाहा. गंजाचा नकाशा आपोआप तयार होतो.

ऊन वेगळं काम करतं. ते आडव्या भागांवर पडतं, म्हणून टप, बॉनेट आणि डिकीचं झाकण आधी फिकट आणि खडूसारखं कोरडं होतं. लाल रंग गुलाबट होतो. दरवाजांच्या खालच्या भागात आणि उघडझापीच्या कडांत मूळ रंग बराच शाबूत राहतो. हा फरक दाखवला तर गाडी किती वर्षं उभी आहे ते न सांगता कळतं.

ॲल्युमिनियमच्या चाकांना आणि प्लॅस्टिकच्या बंपरला तांबूस गंज देऊ नका. ही चूक फार दिसते. ॲल्युमिनियम पांढुरकं, राखाडी पडतं. प्लॅस्टिक नुसतं फिकटतं. क्रोमचा जुना लोखंडी बंपर मात्र गंजतो, पण तो सगळा तांबूस होत नाही. मुलाम्याला बारीक छिद्रं पडून तिथून ठिपक्या-ठिपक्यांनी गंज बाहेर येतो आणि आजूबाजूला चमक टिकून असते. रंगाचंही तसंच. ताजा गंज नारिंगी असतो, जुना गडद तपकिरी, कधी जांभळटपणाकडे झुकणारा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाडीवर गडद छटा जास्त हवी, नारिंगी फक्त जिथे अजून पाणी पोचतंय तिथे. आपण नेमकं उलट करतो, कारण नारिंगी डोळ्यांना आवडतो.

गंजाचे ओघळ देताना गाडी ज्या स्थितीत बसवणार ती आधी ठरवा. एक चाक खचून गाडी कलंडलेली असेल तर ओघळ जमिनीच्या दिशेने खाली यायला हवेत, दरवाजाच्या कडेला समांतर नाही. मी एकदा गाडी सरळ धरून ओघळ काढले आणि नंतर ती कलती बसवली. सगळे ओघळ तिरके झाले आणि पूर्ण बाजू पुन्हा करावी लागली.

पत्र्याची जाडी हे आणखी एक ठिकाण. गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो. १:२४ मध्ये तो ०.०३ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या जातीचा. मॉडेलच्या किटचं (जोडणीच्या सुट्या भागांचं) प्लॅस्टिक एक-सव्वा मिलिमीटरचं असतं, म्हणजे खऱ्या मापात अडीच-तीन सेंटिमीटर. त्यात सरळ ड्रिलने भोक पाडलं की भिंतीला पाडल्यासारखं दिसतं. सडलेलं भोक करायचं असेल तर आतल्या बाजूने घासत जा, इतकं की दिव्यासमोर धरल्यावर उजेड झिरपायला लागेल. मग बाहेरून सुईने टोचून कडा कुरतडा. एवढी एक गोष्ट केली तरी गाडीचं वजन बदलल्यासारखं वाटतं.

संदर्भासाठी खऱ्या गाड्यांचे फोटो जवळ ठेवा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या व्हाइट या गावी ओल्ड कार सिटी नावाच्या जागेत चार हजारांहून जास्त जुन्या गाड्या झाडीत उभ्या केलेल्या होत्या. त्या फोटोंत टपावर साचलेला पाचोळा आणि बंपरला भिडून वाढलेली खोडं पाहिली की कळतं, गाडी एकटी सडत नाही. दुसऱ्या मॉडेलचा फोटो संदर्भ म्हणून वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या चुका आपल्या हातात उतरतात.

रंगपूड वॉर्निशखाली नाहीशी होते

धुळीसाठी आणि गंजासाठी कोरडी रंगपूड लावली, छान दिसली, वरून मॅट वॉर्निश मारलं आणि सगळं गायब. पूड कुठेही गेलेली नसते. तिच्या कणांमध्ये हवा असते म्हणून ती फिकट आणि कोरडी दिसते. वॉर्निश त्या जागा भरून काढतं आणि ओल्या मातीसारखी ती गडद होते. म्हणून वॉर्निश आधी, पूड शेवटी. पक्की करायची असेल तर व्हाइट स्पिरिट या रंग पातळ करायच्या द्रावणाचा थेंब ब्रशच्या टोकाने कडेला टेकवा, तो आपला आपण पसरतो. आणखी एक पातळ थर हवा असेल तर वाळल्यावर पुन्हा थोडी पूड. पूड आणि घासलेल्या प्लॅस्टिकची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लावाच.

स्पिरिटचे वॉश, म्हणजे अगदी पातळ रंगाचे हात, चाकांच्या दांड्याजवळ, जिथे प्लॅस्टिक ताणलेलं असतं तिथे, साचू देऊ नका. रंग नसलेलं ताणाखालचं प्लॅस्टिक त्याने तडकतं.

वॉर्निशवर पांढरट छाया आली तर बहुधा दमट हवा कारणीभूत असते. द्रावण उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. पावसाळी दिवशी स्प्रेचा डबा उघडायचाच नाही. कधी मॅट करणारी पूड डब्याच्या तळाशी बसलेली असते आणि नीट न हलवल्यामुळेही असं होतं, म्हणून डबा चांगली दोन मिनिटं हलवा. छाया आलीच तर कोरड्या दिवशी ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात द्या. पुष्कळदा ती विरते, मग त्यावर पुन्हा मॅट.

काचा

सुपरग्लूने काचा बसवल्या की दुसऱ्या दिवशी त्यांवर पांढरं धुकं दिसतं. गोंदाची वाफ पृष्ठभागावरच्या ओलीला भेटून तिथेच घट्ट होते. बंद गाडीत ती वाफ कोंडते, म्हणून आतल्या बाजूने जास्त. अनेकांना वाटतं बेवारस गाडीला हे शोभेल, पण ते दंवासारखं दिसतं, धुळीसारखं नाही. काचांना पांढरा गोंद किंवा पारदर्शक ॲक्रिलिक गोंद वापरा, आणि गाडीच्या आत सुपरग्लूने काही चिकटवलं असेल तर काचा एक दिवसानंतर लावा.

फुटलेली काच दाखवताना लक्षात ठेवा, बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की छोट्या दाण्यांचा चुरा होतो आणि तो दरवाजाच्या खाचेत नि सीटवर पडतो. पुढची काच दोन थरांमध्ये पडदा घालून केलेली असते, म्हणून ती तडकून जाळं होते, पण जागेवर राहते. बाजूच्या खिडकीत सुऱ्यासारखे लांब तुकडे अडकवले की सगळी मेहनत वाया जाते.

गाडी जमिनीवर तरंगते

बेवारस गाडी जमिनीत बसलेली असते, जमिनीवर ठेवलेली नसते. माती ओली असतानाच गाडीला खालून प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून जागेवर दाबा, खळगे उमटले की काढून घ्या आणि माती वाळल्यावर त्याच खळग्यांत परत बसवा. मग चाकांभोवती माती आणि पाचोळा किंचित वर चढवा. गाडीखाली गवत लावू नका. तिथे ऊन आणि पाऊस दोन्ही कमी पोचतात, तिथली माती फिकट आणि उघडी असते. गवत उंच वाढतं ते दोन्ही बाजूंना, टपावरचं पाणी जिथे ठिबकतं त्या रेषेवर. पानांचं मापही तपासा. दहा सेंटिमीटरचं पान १:२४ मध्ये चार मिलिमीटरचं होतं, त्याहून मोठं असेल तर गाडी खेळणं वाटते.

पाया वाकतो तो एकाच बाजूने ओल शोषल्यामुळे. लाकडाला वरून, खालून आणि कडांना वॉर्निश देऊन मगच त्यावर ओली माती पसरा, आणि तीही पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देत. जाड थर हमखास भेगाळतो. पायाला फोम वापरत असाल तर डब्याचा स्प्रे आणि सुपरग्लू त्याला थेट लावू नका, दोन्ही त्याला खातात. आधी पांढऱ्या गोंदाचा हात द्या. बागेतली खरी माती वापरायची तर चाळून, ओव्हनमध्ये चांगली तापवून घ्या, नाहीतर काही आठवड्यांनी बुरशी येते. गोंद लागल्यावर ती गडद होते हेही आधीच धरून चाला.

टायर

शेवटचं दुखणं काही महिन्यांनी उघड होतं. किटमधले मऊ टायर बहुधा व्हिनाइलचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि ज्या प्लॅस्टिकच्या रिमला ते चिकटून असतात तिला विरघळवतं. रिम टायरमध्ये वितळून बसते. नुसत्या रंगाचा भरवसा नाही, कारण ते द्रव्य रंगालाही मऊ करतं. रिमच्या कडेभोवती स्वयंपाकघरातल्या फॉइलची अरुंद पट्टी गुंडाळून मग टायर चढवा.

बेवारस गाडीसाठी मी आता व्हिनाइलचे टायर वापरतच नाही. रेझिनचे टायर घेते, खालची बाजू घासून सपाट करते आणि जमिनीला टेकतो तिथे दोन्ही कुशींना एपॉक्सी पुट्टीचा फुगवटा देते. पुट्टी ओली असतानाच टूथपिकने त्यात दोन-तीन घड्या काढते, म्हणजे हवा जाऊन रबर दुमडलंय असं दिसतं. रिमची कड त्या घडीवर जवळजवळ टेकली पाहिजे. रंग काळा नाही, गरम राखाडी, आणि जमिनीलगत थोडी मातीची पूड.